वडणगेकर डॉक्टरांची दुर्बीण

डॉ. वडणगेकर पहिल्यांदा आमच्या दुकानात आले ते उजव्या भुवईवर पट्टी लावून. मला साउथहॅम्प्टनला येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, चष्मा द्यायचा आणि गिऱ्हाइकाशी हवेबद्दल बोलायचं, एवढं मी शिकले होते. त्यामुळे मी इंग्रजीत विचारलं, पडलात का? त्यांनी माझ्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि खास कोल्हापुरी हेल काढून म्हणाले, "पडतोय कशाला? दुर्बीण चावली."

माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल कोण जाणे. ते खुर्चीत नीट बसले आणि शिकवणी सुरू झाली.

"हे बघ. शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण असते. तिच्या मागच्या भिंगापासून डोळा ठरावीक अंतरावर ठेवला तरच आतला गोल पुरा दिसतो. पुढं गेलं, मागं गेलं, की कडेनं काळी सावली येते. ह्या अंतराला आय रिलीफ म्हणायचं. आता माझ्यासारखा जाड चष्मेवाला सगळं दिसावं म्हणून नाक पुढं घालतो. गोळी सुटली की रायफल मागं येते. मग हे असं." त्यांनी भुवईकडे बोट केलं. "तर मला सांग, चष्म्याची काच डोळ्यापासून किती लांब बसते? तेवढी जागा चष्म्यानं खाल्ली असं धरून मला दुर्बीण बघायला पाहिजे."

माझ्या खुर्चीत बसून हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता, त्यानंतरही नाही. मी मोजून सांगितलं. फ्रेम बदलली आणि नाकावरचे पॅड जरा दाबून घेतले तर काच आणखी आत बसेल, हेही सांगितलं. ते इतके खूश झाले की पैसे देता देता म्हणाले, "रविवारी जेवायला ये. काकू वाट बघतीय." काकूंना माझ्या अस्तित्वाचाही पत्ता नव्हता.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. इथल्या हॉस्पिटलात उभी हयात नोकरी करून नुकतेच रिटायर झाले होते. नाव सर्जेराव. ते कुणाला उच्चारता येईना म्हणून सगळे 'सार्ज' म्हणत, सार्जंटला म्हणतात तसं, आणि नव्या नर्सांना ते मिलिटरीतून आले आहेत असं वाटे. दिसायलाही तसेच. पाठ ताठ, मिशी पांढरी, बूट घासलेले. बोलणं मात्र अगदी हळू. पेशंटच्या उशाशी बसून आयुष्य काढल्यामुळे असेल, पण पोस्टमनशीसुद्धा ते असे बोलत की त्याला आता झोप लागेल की काय असं वाटावं.

वडणग्याच्या त्यांच्या घरी कुणी शिकारी नव्हतं. "आमच्याकडं शिकार फक्त गप्पांत व्हायची," ते म्हणत. "उसात डुक्कर शिरलं की सगळा गाव काठ्या घेऊन पळायचा, आणि डुक्कर दुसऱ्या बाजूनं निघून जायचं." बंदूक त्यांनी हातात घेतली ती इकडे, पन्नाशीच्या आसपास. हाडांचा एक सर्जन त्यांना एका पहाटे जंगलात घेऊन गेला आणि मचाणावर बसवून आला. काही मिळालं नाही. पण ऑपरेशन सुरू होण्याआधी थिएटरात एक शांतता असते, तशीच तिथे होती म्हणे, आणि त्या शांततेत त्यांना कुणी फोन करत नव्हतं. मग त्यांनी रीतसर परीक्षा दिली, परवाना काढला, भिंतीत लोखंडी कपाट बसवून घेतलं. रॉम्सीच्या पलीकडे टॉम नावाच्या शेतकऱ्याची बरीच जमीन आहे. तिथे हरणं फार झाली आहेत, नवी झाडं जगू देत नाहीत. दर हंगामात काही मारावीच लागतात. टॉमनं डॉक्टरांना परवानगी दिली आणि गुरुवार हा डॉक्टरांचा टॉमकडचा वार ठरून गेला.

त्यांचा नियम एकच होता, आणि तो थिएटरातला होता. "पेशंटला कळता कामा नये." म्हणजे हरणाला. ते चरत असावं, शांत असावं, आणि मग ते नसावं, मधे काही असू नये. हे होईल अशी खात्री नसेल तर ते घोड्याला बोट लावत नसत. पाच वेळा जाऊन चार वेळा हात हलवत परत यायचे आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. टॉम वैतागायचा. त्याला हरणं कमी करून हवी होती आणि ह्यांना खात्री हवी होती.

तिथल्या जंगलात एक बुटकं, कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण आहे. डॉक्टरांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मचाणावर बसल्याबसल्या हसू आवरेना. "अगं, आपलं भेकर! दाजीपूरच्या जंगलात भुंकतं तसंच्या तसं." कुणा हौशी साहेबानं बागेत शोभेला म्हणून आशियातून आणलं, ते कुंपणाबाहेर पडलं आणि इथलंच होऊन गेलं. भेकराच्या बाबतीत डॉक्टर जरा नरम होते. टॉमला ते सांगायचे की अंधार होता, नीट दिसलं नाही.

मारलेल्या जनावराचे वाटे घालायचे ही मात्र कोल्हापूरची रीत त्यांनी सोडली नाही. मांस स्वच्छ करून, तुकडे करून, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून घरोघर पोचवायचं. काकू तांबडा रस्सा करून आधी टॉमच्या घरी पाठवत. टॉमची बायको तो पावाबरोबर खाई, घाम पुसत पुसत.

या डब्यांनी एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीत घोटाळा केला. हॉलच्या फ्रीजरमध्ये डॉक्टरांनी एका कुटुंबाचा वाटा ठेवला होता, जाताना देऊ म्हणून. वरती 'व्हॅनिला' असं ठळक लिहिलेलं. जेवणं झाल्यावर पोरांनी आइस्क्रीमसाठी गलका केला, आणि मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी, ज्या कांदासुद्धा खात नाहीत, भर पंगतीत डबा उघडला. पुढचं सांगत नाही. दोन दिवस मंडळाच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. शेवटी काकू स्वतः त्या बाईंच्या घरी खव्याचे मोदक घेऊन गेल्या आणि हसवून परत आल्या. डॉक्टर बाहेर गाडीत बसून राहिले होते. "तिनं सांगितलं, तुम्ही आत येऊ नका, तुम्ही समजावून सांगायला लागाल."

शालिनीकाकूंना बंदूक अजिबात आवडायची नाही. त्या कपाटाजवळून जाताना पदर सावरून जात. पण डॉक्टरांची कामाची दुर्बीण शेवटी त्यांनीच निवडली, आणि तेव्हा मी तिथे होते. भुवईची जखम भरल्यावर नवी दुर्बीण घ्यायला आम्ही तिघं विंचेस्टरच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. मला नेलं ते भिंगांची जाणकार म्हणून. जाणकार कसली, मी तिथे नुसती मान हलवत होते. दुकानदार एकाहून एक भारी माल काढून दाखवत होता. खूप मोठं दाखवणारी, अंधारात दिसणारी, आत लाल ठिपका पेटणारी. डॉक्टर एकेक डोळ्याला लावून "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत होते. काकू कोपऱ्यात खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अहो," त्या एकदम म्हणाल्या, "तुम्ही जंगलात शर्टावर जाता का?"

"म्हणजे?"

"गाडीतून तो जाड कोट आणा. आणि हातमोजे. टोपीपण."

"शालू, आपण कोट घ्यायला आलेलो नाही."

"आणा की हो."

डॉक्टर कोट घालून आले. काकू उठल्या, दुकानदाराला त्यांच्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाल्या की आता ह्यांना डोळे मिटायला सांगा. बंदूक खांद्याला लावू दे, गाल टेकू दे, जसं सोयीचं वाटेल तसं. मग डोळे उघडू दे. उघडल्यावर सगळा गोल दिसला पाहिजे, मान पुढे-मागे न करता. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुम्ही शिकार करता? काकू म्हणाल्या, "नो. आय बाय हिज शूज."

तशी पाहणी केल्यावर भारी भारी माल गळत गेला. कोटाच्या जाडीनं रायफल पुढे जायची आणि कडेनं काळं यायचं. पॉवर वाढवली की मग तर फारच. राहिली ती एक साधी, मध्यम पॉवरची, दिसायला काही विशेष नसलेली. डोळे उघडले की गोल पुरा, आणि चष्मा आणि भिंग यांच्यात चांगली साडेतीन-चार बोटं जागा. डॉक्टर हरखले. परत येताना गाडीत मला म्हणाले, "बघ चष्मेवाली, डोळा आणि भिंग ह्यांच्यात जागा पाहिजे. नवराबायकोत असते तशी."

"आपल्यात किती आहे?" काकूंनी मागून विचारलं.

"जखम होत नाही एवढी."

काही वर्षं ती दुर्बीण छान चालली. मग एका उन्हाळ्यात काकू गेल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला तेव्हा उशीर झालेला. शेवटी त्यांना घरीच ठेवलं होतं. नर्स येऊन जायच्या, पण खरं सगळं डॉक्टरच बघायचे. कुठलं औषध किती, केव्हा वाढवायचं, श्वास कसा चाललाय. मी संध्याकाळी जायची तेव्हा ते काकूंच्या उशाशी ताठ बसलेले असत, त्या जुन्या हळू आवाजात बोलत असत, आणि त्यांचा एक डोळा घड्याळावर असे. त्यांनी सगळं बिनचूक केलं. काकूंना त्रास झाला नाही.

दहनाच्या दिवशी स्मशानगृहाच्या दारात उभे राहून ते आलेल्या प्रत्येकाला विचारत होते की गाडी नीट लावलीत ना, तिकीट किती वाजेपर्यंतचं आहे. त्यांची मुलगी रीडिंगहून आली होती, ती रडून रडून सुजली होती. तिच्या पाठीवर हात ठेवून ते माझ्याशी रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल बोलले. मलाही रडू आलं नाही. त्यांच्यासमोर रडणं म्हणजे काहीतरी गबाळेपणा आहे असं वाटत होतं. घरी येऊन मी भांडी घासली, दुसऱ्या दिवसाचे कपडे काढून ठेवले, आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच होत नाहीये. त्या घरातला तो गारठा माझ्याही अंगात आला होता.

ते गुरुवारी जंगलात जात राहिले. बाकी काही करत नसत. मंडळात येईनात, टीव्ही लावीनात, रस्सा तर राहूच द्या, भातावर दही घालून खात. चष्मा तपासायला या म्हणून मी तीनदा फोन केला. आधी काकूंच्या आजारपणात राहून गेलं होतं. "डोळ्याला काय झालंय? येतो पुढच्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा काही आला नाही.

मग त्या थंडीत ते झालं. हे मला टॉमनं सांगितलं, वाचायचा चष्मा करायला आला होता तेव्हा. डॉक्टरांनी माद्यांचा हंगाम सुरू झाल्यावर एका मादीवर गोळी झाडली आणि ती पडली नाही. आतडं फुटलं तरी ती पळाली. टॉमनं कुत्रा आणला, दोघं दुपारपर्यंत रक्ताच्या मागावर फिरले. सापडली तेव्हा ती एका ओढ्याच्या काठी बसलेली होती, मान वर, डोळे उघडे. डॉक्टर हातात रायफल घेऊन नुसते उभे राहिले. शेवटी टॉमनंच तिला संपवलं. "ही डिडन्ट से अ वर्ड," टॉम म्हणाला. "नॉट अ वर्ड, ऑल द वे होम."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. डॉक्टरांनी दार उघडलं, "ये," म्हणाले, आणि आत गेले. जेवणाच्या टेबलावर चार दुर्बिणी ओळीनं मांडल्या होत्या. काकूंनी निवडलेली, आणि आणखी तीन नव्या. स्क्रू, पकडी, सपाटी बघायची छोटी पाणसळ.

"दुर्बीण बिघडलीय," ते म्हणाले. "वरून काळं येतं. त्या दिवशीपण आलं होतं. मला वाटलं मान वाकडी असेल, मी डोकं सरकवलं, आणि सरकवता सरकवता घोडा ओढला गेला. दॅट्स व्हॉट हॅपन्ड." अगदी रिपोर्ट वाचून दाखवावा तसं बोलले. "म्हणून दुसरी आणली. जास्त आय रिलीफची. तीतपण येतं. मग तिसरी. ही चौथी पिस्तुलासाठी असते, हात लांब करून बघायची. तीतपण येतं. सगळ्यांत वरूनच."

"जंगलात गेलात का परत?"

"गोल पुरा दिसल्याशिवाय जाणार नाही. कसा जाणार?" मग म्हणाले, "जमलं नाही तर रायफल देऊन टाकायची. पण आत्ता नाही. असं करून नाही."

मला तेव्हा त्यातलं सगळं उमगलं नाही. एवढंच कळलं की ह्या माणसाला आठवड्यातून एकदा घराबाहेर काढणारी एकच गोष्ट राहिली आहे आणि ती ह्या चार नळ्यांत अडकली आहे.

त्यांनी काकूंची दुर्बीण तांदळाच्या पिशवीवर ठेवली, खिडकीतून समोरच्या घराच्या धुराड्याकडे रोखली. "बघ तू. तुला लेन्समधलं कळतं."

मी बघितलं. गोल पुरा होता. स्वच्छ, कडेपर्यंत. धुराड्यावर एक कबूतर बसलं होतं, त्याचे पायसुद्धा दिसत होते. मी उठले. ते बसले, चष्म्यासकट डोळा बरोबर अंतरावर आणला. इतक्या वर्षांची सवय, काही चूक नव्हती.

"आहे," ते म्हणाले. "वरचा चतकोर काळा."

"डोकं जरा डावीकडे घ्या. आता उजवीकडे. सावली हलते का?"

दुर्बिणीची सावली डोक्याबरोबर हलते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले. "नाही."

मी म्हणाले, "काका, डाव्या डोळ्यानं बघा."

"डाव्यानं मी कधी..."

"बघा की."

ते अवघडून दुसऱ्या बाजूनं वाकले. कबूतर उडून गेलं असावं, कारण मला खिडकीबाहेर काहीतरी हललेलं दिसलं. डॉक्टर हलले नाहीत. मग म्हणाले, "गोल आहे."

पुढे सांगायची गरज नव्हती. ते डॉक्टर होते. तरी मी विचारलं, कारण ते विचारायचं असतं. डोळ्यासमोर माशा उडाल्यासारखं? चमकायचं कडेला?

"चमकायचं. शालू गेली त्यानंतर. मला वाटलं झोप नाही म्हणून होतंय." त्यांनी दुर्बिणीवर टोपण बसवलं. "दोन्ही डोळे उघडे असताना कळत नाही गं. डावा भरून काढतो. एक डोळा मिटायची वेळ मला फक्त जंगलातच येते."

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. खालून हळूहळू सुटत आला होता आणि आता पार मध्यापर्यंत पोचला होता. मी त्यांना तसंच गाडीत घालून डोळ्यांच्या इमर्जन्सीत नेलं. वाटेत ते म्हणाले, "तीन नव्या दुर्बिणी घेतल्या मी. तीन." हसले नाहीत.

ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं, डोळ्यापुरती भूल देऊन. भूल देणारी पोरगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली निघाली. तिनं सुई छान घातली असं त्यांनी मला सांगितलं. पडदा जागेवर बसला. पण मधला भाग उशिरा बसला म्हणून उजव्या डोळ्यानं आता बारीक काही दिसणार नव्हतं. माणूस आहे एवढं दिसेल, कोण आहे ते दिसणार नाही.

डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता, त्यामुळे काही दिवस तोंड खाली करून राहायचं होतं. बसतानासुद्धा कपाळ टेबलाच्या कडेला टेकून. मुलगी रजा घेऊन आली होती, ती दमली की मी जायची. नळीनं चहा प्यायला द्यायची. असेच ते जमिनीकडे तोंड करून बसले असताना एकदा म्हणाले, "शेवटचे दिवस मी ड्यूटी केली तिची."

मी नळी पुन्हा त्यांच्या तोंडाशी धरली.

"ड्यूटीवर असलं की माणूस घरचा नसतो. ते शिकवावंच लागतं नव्या डॉक्टर पोरांना. तू जवळचा झालास की हात कापतो." कपाळ टेबलाला टेकलेलं, आवाज तसाच हळू. "तिच्याजवळ नवरा म्हणून कोण बसलंच नाही बघ. मी डॉक्टर होतो."

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला नाही. कप उचलून धुवायला नेला.

उन्हाळ्यात ते रायफल डाव्या खांद्याला लावायला शिकले. वय सत्तरीपार, सगळे सवयीचे सांधे उलट्या बाजूचे. गोळी भरायची दांडी, म्हणजे बोल्ट, उजव्या हाताची, डाव्या खांद्यावरून तिच्यापर्यंत हात नेणं म्हणजे कसरत. दुसरी गोळी पटकन घालता यायची नाही. "दुसरी लागणारच नसली तर चालतंय," ते म्हणाले. परवान्याच्या ऑफिसला त्यांनी स्वतःहून डोळ्याचं कळवलं होतं, आणि तिकडून हरकत आली नाही. टॉमच्या शेतात कागदावर नेम धरायचे, चार-पाच महिने, दर गुरुवारी. मी त्यांच्या चष्म्याची डावी काच नव्यानं करून दिली. दुर्बीण काकूंचीच, फक्त कड्या सैल करून बोटभर मागे घेतली, कारण डाव्या बाजूला त्यांची मान तितकी पुढे जात नव्हती. डावा गोल पुरा दिसायचा. कागदावरची भोकं एकमेकांजवळ यायला लागली. टॉम म्हणाला, आता चल जंगलात. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं.

नोव्हेंबरात गेले. मला म्हणाले, "गाडी तू चालव, संध्याकाळी मला एका डोळ्यानं भरवसा नाही वाटत." टॉम त्यांच्या शेजारी मचाणावर बसला, स्वतःची रायफल घेऊन, गरज पडली तर म्हणून. मी फाटकापाशी गाडीत थांबले. हवा कुंद होती, झाडांवरून पाणी ठिबकत होतं. मी पुस्तक नेलं होतं, ते उघडलं नाही. फार वेळानं एक दबका आवाज आला, जाड पुस्तक मिटावं तेवढाच. दुसरा आला नाही.

मी चिखलातून चालत गेले. मादी जिथे चरत होती तिथेच पडली होती, तोंडात पाला. टॉम खूश होता. "नाइस वन, सार्ज. व्हेरी नाइस. सेम टाइम नेक्स्ट थर्सडे?"

"नो, टॉम," डॉक्टर म्हणाले. "दॅट वॉज इट."

टॉमनं हात पुढे केला, डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि पुष्कळ वेळ धरून ठेवला. वाटा त्यांनी घेतला नाही. सगळं जनावर टॉमला दिलं.

आता ते मुलीकडे रीडिंगला असतात. रायफल आणि चारी दुर्बिणी विकल्या, घर विकलं. फोन होतो अधूनमधून, नातवाच्या फुटबॉलबद्दल बोलतात, तो मराठी बोलताना लिंगाच्या चुका करतो म्हणून हसतात. त्यांना प्रत्यक्ष बघितलं ते शेवटचं त्या शिकारीच्या संध्याकाळी, माझ्या शेजारच्या सीटवर, चिखलाचे बूट वर्तमानपत्रावर ठेवून बसलेले.

शेतातून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मग त्यांनीच सुरुवात केली. "ती आधीची शेवटची राहायला नको होती. तेवढ्यासाठी केलं हे."

"मग झालं ना आता," मी म्हणाले. "बरं झालं."

"झालं."

"आता पुढे काय?"

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यांच्या तोंडावरून जात होते.

"आता काय," ते म्हणाले. "आता शालू गेली."

आणि त्यांचा आवाज फुटला. काकू जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. तो हळू बोलणारा माणूस माझ्या गाडीत तोंडावर दोन्ही हात घेऊन मोठ्यानं रडत होता, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. त्यांच्या घराचं वळण आलं, पण मी वळले नाही. सरळ गाडी चालवत राहिले.